सुप्याचा बाजार आणि न्यायमूर्ती रानडे

१२ मे १८७५. सुप्याचा आठवडे बाजार भरला होता. पंचक्रोशीतले कुणबी नेहमीसारखे आले, पण त्या दिवशी बाजारहाट बाजूला राहिला आणि जमाव सावकारांच्या घरांकडे वळला. मागणी एकच होती: आमचे रोखे बाहेर काढा. वह्या, रोखे, गहाणखते हाती लागतील तशी रस्त्यावर आली आणि पेटवली गेली. काही दुकाने लुटली, एक घर जाळले. पुढच्या काही दिवसांत हे लोण भीमथडी तालुक्यातून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोहोचले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सरकारी चौकशीत एक गोष्ट ठळकपणे नोंदवली गेली. एवढा राग असूनही माणसांच्या जिवावर फारसे कोणी उठले नव्हते. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही.

अष्टविनायकांतला पहिला गणपती म्हणून मोरगावला येणारे भाविक चौफुल्याहून वळतात तेव्हा याच सुप्यावरून जातात. सुपे मोरगावच्या अगदी शेजारी आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतले हे जुने ठाणे, पुढे शिवाजी महाराजांनी संभाजी मोहित्यांकडून ते ताब्यात घेतले. आजचे बारामती आणि दौंड हे तालुके तेव्हा बहुतांशी भीमथडीत मोडत. हा सगळा पट्टा जिरायती आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या खालच्या भागाला मिळाले, पण मोरगाव आणि सुप्याच्या माळाला पावसाचीच वाट पाहावी लागली. इथे कर्ज काढल्याशिवाय साल सरत नसे.

या पट्ट्याची कहाणी एका न्यायाधीशाच्या आयुष्याशी घट्ट जोडलेली आहे. त्यांचे नाव महादेव गोविंद रानडे. समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ, प्रार्थना समाजाचे आणि सामाजिक परिषदेचे पुढारी, गोपाळ कृष्ण गोखल्यांचे गुरू अशी त्यांची ओळख शाळेपासून होते. ‘न्यायमूर्ती’ ही पदवी नावापुढे कायमची चिकटली, तरी न्यायाधीश म्हणून त्यांनी नेमके काय केले हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्या न्यायाधीशपणाचा सर्वांत मोलाचा काळ मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला नाही. तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांच्या तालुका कचेऱ्यांत, कुळांच्या कर्जाचे दप्तर तपासण्यात गेला.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला. वडील सरकारी नोकरीत होते, पुढे कोल्हापूर संस्थानात गेले, म्हणून महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये ते शिकले. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, तेव्हा उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत ते होते. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतही ते होते, शेजारी रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १८६४ मध्ये एम.ए., १८६६ मध्ये एलएल.बी. वाचनाने डोळे इतके अधू झाले की पुढे आयुष्यभर बरेचसे वाचन दुसऱ्याकडून करवून घ्यावे लागले.

विद्यार्थिदशेतच त्यांनी एक निबंध लिहिला होता. त्यात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी अमलावर टीका केली होती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी शिक्षा म्हणून त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. स्वभावाने मवाळ आणि मताने ठाम, हे जे पुढे जन्मभर दिसले त्याची ही पहिली नोंद.

शिक्षण खात्यात भाषांतरकार, अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश, एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक अशी कामे करून १८७१ मध्ये ते अॅडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. वकिलीत भरपूर पैसा होता. त्यांनी सरकारी न्यायखाते निवडले आणि त्याच वर्षी पुण्यात पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले. पुण्यात सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, १८७० मध्ये सार्वजनिक सभा काढली होती. सरकारी नोकर म्हणून रानडे पडद्यामागे राहिले, पण सभेचे अर्ज, अहवाल आणि पुढे १८७८ पासून निघालेले त्रैमासिक यांच्यामागे डोके आणि लेखणी बहुतांशी त्यांची होती.

सुप्याची आग पेटली तेव्हा ते पुण्याच्या न्यायासनावर होते.

ही आग एका दिवसात पेटली नव्हती. इंदापूर हा मुंबई इलाख्यातल्या नव्या जमीन-पाहणीचा पहिला तालुका. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इथे तीस वर्षांसाठी हलका सारा बसवला आणि ओसाड पडलेली जमीन पुन्हा लागवडीला आली. मुदत संपली ती भलत्या वेळी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेच्या कामांमुळे मजुरी आणि गाडीभाडेही वाढले होते. ही तेजी कायमची समजून १८६७ मध्ये इंदापूरचा सारा सुमारे दीडपट करण्यात आला, मागोमाग भीमथडीचाही वाढला. तोवर युद्ध संपून भाव कोसळले होते. सारा रोख भरायचा आणि रोख पैसा फक्त सावकाराकडे. तेजीत ज्यांनी हात सैल सोडला होता, त्याच मारवाड्या-गुजरांनी आता उधार बंद केले आणि जुन्या रोख्यांवर दावे लावायला सुरुवात केली.

दावा लागला की शेतकरी कोर्टात जातच नसे. कोर्ट वीस-पंचवीस कोसांवर, वकिलाला द्यायला पैसा नाही, आणि गेले तरी बोलायचे काय? रोख्यावर त्याचाच अंगठा असे. न्यायाधीश रोखा बघे, अंगठा बघे आणि एकतर्फी हुकूमनामा देई. मग बेलिफ येई, बैल जाई, जमीन लिलावात निघे आणि सावकारच ती घेई. कर्जापायी कुळाला दिवाणी तुरुंगात टाकण्याचीही सोय कायद्यात होती. पेशवाईत सावकार होते, व्याजही भारी होते, पण वसुलीसाठी सरकारची सगळी यंत्रणा सावकाराच्या दिमतीला उभी नव्हती. इंग्रजी न्यायालयाने ती उभी केली. न्याय देणाऱ्यांपैकी कोणाचा हेतू वाईट नव्हता, आणि म्हणूनच हे दुखणे जास्त खोल होते.

दंग्यांनंतर साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना शिक्षा झाल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला. लगेच पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ आला. अखेर १८७९ मध्ये ‘दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा’ झाला आणि त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत लागू झाला.

हा कायदा होत असताना रानडे मात्र संशयाच्या फेऱ्यात होते. १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारले, मे महिन्यात पुण्याचा बुधवार वाडा जळाला, आणि या सगळ्यामागे पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मणांचा हात असावा असे इंग्रज अधिकाऱ्यांना वाटू लागले. रानड्यांची रवानगी दूर धुळ्याला झाली. तिथे काही काळ त्यांचे टपाल फोडून वाचले जात होते. पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. रानड्यांनी तक्रार केली नाही, रोजचे दावे नेहमीच्या निष्ठेने चालवत राहिले. पुढे संशय आपोआप निवळला.

याच काळात अमेरिकेतल्या संघराज्य न्यायाधीशाची स्थिती काय होती हे पाहिले की रानड्यांच्या वागण्याचे वजन कळते. तिथे राष्ट्राध्यक्ष नेमणूक करतो, सिनेट मान्यता देते आणि वर्तन चांगले असेतो न्यायाधीश तहहयात पदावर राहतो. पदावर असेपर्यंत त्याचा पगार कमी करता येत नाही. राज्यकर्त्यांना न आवडणारा निकाल दिला म्हणून त्याला कोणी दुसऱ्या गावी पाठवू शकत नाही. इकडे दुय्यम न्यायाधीश हा सरकारचा नोकर, बदलीच्या एका हुकमावर बिऱ्हाड हलवणारा. उच्च न्यायालयाचे न्यायाधीशसुद्धा १८६१ च्या कायद्याप्रमाणे राणीची मर्जी असेतोच पदावर राहत. रानड्यांना स्वातंत्र्याची अशी कोणतीही हमी नव्हती. त्यांनी ते स्वतःच्या वागणुकीतून मिळवले, आणि त्याची किंमत बदल्यांनी आणि बढती लांबण्याने चुकवली.

१८८१ मध्ये ते पुण्याला परतले आणि नव्या कायद्याखाली पुणे व सातारा जिल्ह्यांतल्या दुय्यम न्यायालयांच्या तपासणीचे काम त्यांच्याकडे आले. मध्ये स्मॉल कॉज कोर्ट, कायदे कौन्सिल, भारत सरकारची वित्त समिती अशी कामे झाली. पुढे डॉ. पोलन यांच्यानंतर ते या कायद्याचे मुख्य अधिकारी, म्हणजे स्पेशल जज्ज झाले. १८९३ पर्यंत चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या दाव्यांवर त्यांची नजर होती.

कायद्याचे मर्म एका कलमात होते: न्यायाधीशाने रोख्यावर थांबायचे नाही. त्यामागचा सगळा व्यवहार पहिल्या दिवसापासून उकलायचा.

समजा, भीमथडीतल्या एका कुळाने १०० रुपये घेतले, व्याज सालाना २४ टक्के. हातात पडताना त्यातून मनोती, म्हणजे सावकाराची आगाऊ कपात, कापली गेली, पण रोखा पुऱ्या शंभराचाच झाला. दर वर्षी व्याज मुद्दलात घालून जुना रोखा फाडायचा आणि नवा लिहायचा. पाचव्या वर्षाच्या शेवटी रोख्यावर आकडा येतो २९३ रुपयांचा. मध्ये कुळाने चार वेळा ज्वारी घातली, एकदा कडबा दिला, त्याची पावती नाही. जुन्या पद्धतीत कोर्ट २९३ रुपयांचा हुकूमनामा देऊन मोकळे झाले असते. नव्या कायद्यात न्यायाधीशाला कुळाला समोर बोलावून विचारावे लागे: पहिल्यांदा किती घेतले? हातात किती आले? धान्य किती घातले, कोणत्या सुगीला, तेव्हा भाव काय होता? मुद्दल वेगळे, व्याज वेगळे. व्याजावर व्याज नाही. दर अवाजवी असेल तर वाजवी दर लावायचा. आणि आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम, की व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. सरळ व्याजाने पाच वर्षांचे १२० रुपये होतात, दामदुपटीने ते शंभरावर थांबतात. ज्वारी आणि कडबा वजा केला की देणे आणखी खाली येते, आणि उरलेल्याचे हप्ते बांधून मिळतात. कर्जासाठी तुरुंग नाही. खास गहाण टाकलेली नसेल तर जमीन विकता येत नाही.

वाचायला सोपे वाटते, पण करायला हे काम जिकिरीचे होते. न्यायाधीशाला एका दाव्यासाठी दहा-बारा वर्षांच्या वह्या उघडाव्या लागत, अडाणी माणसाच्या तोंडून धीराने माहिती काढावी लागे. दिवसाला पंचवीस दावे निकाली काढण्याची सवय लागलेल्या दुय्यम न्यायाधीशांना हे नकोसे होते. लहान दाव्यांत अपिलाची वाट कायद्याने बंद केली होती, त्यामुळे कुळाला शेवटचा आधार तपासणीचाच होता. स्पेशल जज्जने दप्तर मागवायचे, चूक दिसली तर निकाल फिरवायचा. म्हणून रानडे वर्षातले बरेच महिने फिरतीवर असत. तंबू, बैलगाड्या, कारकून, दप्तराच्या पेट्या आणि बरोबर रमाबाई. डोळे अधू असल्याने कागद वाचून घ्यायचे, ऐकता ऐकता विसंगती पकडायची. संध्याकाळी गावची माणसे येत: पाटील, शिक्षक, कधी एखादा सावकारही. पीकपाणी, बाजारभाव, व्याजाचे दर याची माहिती ते सगळ्यांकडून घेत. त्यांच्या वार्षिक अहवालांतून आणि आर्थिक निबंधांतून शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल जे नेमके ज्ञान दिसते ते असे गोळा झालेले आहे.

अमेरिकेतही न्यायाधीशाने फिरावे अशी प्रथा होती. १७८९ च्या कायद्याने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना घोड्यावर, बग्गीत बसून प्रांतोप्रांती कोर्टे भरवावी लागत. ते या कामाला कायम कंटाळलेले असत आणि १८९१ च्या सुधारणेनंतर त्यातून बहुतेक सुटले. नेमक्या त्याच वर्षांत रानडे आपल्या फिरतीत रमलेले होते. कायदा मुंबईत किंवा कलकत्त्यात लिहिला जातो, पण त्याचा कस तालुक्याच्या कोर्टात लागतो हे त्यांना पक्के उमगले होते.

या कायद्याने शेतकरी कर्जमुक्त झाला असे मात्र नाही. सावकारांनी पळवाटा शोधल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे आणि परत देण्याची बोली तोंडी ठेवायची, हा त्यांतला सर्वांत घातक प्रकार. शेतकऱ्याच्या लेखी ते गहाण असे, कागदावर ती विक्री. अनेक ठिकाणी उधारच आटले. रानडे कायद्याच्या बाजूचे होते, तरी त्यांनी या गोष्टी झाकल्या नाहीत. त्यांचे म्हणणे असे की न्यायालय फार तर लूट थांबवू शकते, बी-बियाण्याला पैसा देऊ शकत नाही. त्यासाठी स्वस्त कर्जाची संस्था हवी. जर्मनीत राय्फायझन आणि शुल्त्झे यांनी उभारलेल्या पतसंस्था, प्रशिया आणि रशियातल्या भूदासांच्या मुक्तीचे कायदे यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्यावर लिहिले. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश विल्यम वेडरबर्न यांनी शेजारच्या पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली, तिला रानड्यांचा पाठिंबा होता. पुण्याचे सावकारही भांडवल घालायला तयार झाले, भारत सरकारने मान्यता दिली, आणि लंडनमध्ये भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. ती मंजूर झाली असती, तर मोरगावच्या सीमेपलीकडे, जेजुरी-सासवडच्या मुलखात देशातली पहिली शेतकी बँक उभी राहिली असती. सहकारी पतपेढ्यांचा कायदा पुढे १९०४ मध्ये आला.

१८९३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानड्यांची मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक झाली. पुण्याने त्यांना मोठ्या थाटाने निरोप दिला. उच्च न्यायालयात त्यांनी सात वर्षे काम केले. हिंदू कायद्याच्या दाव्यांत ते मूळ स्मृतिग्रंथांपर्यंत जात, शेतजमिनीच्या दाव्यांत तालुक्यातला अनुभव कामी येई. ‘राइझ ऑफ द मराठा पॉवर’ हा त्यांचा ग्रंथ १९०० मध्ये, याच काळात प्रसिद्ध झाला. प्रकृती ढासळली, हृदयविकार बळावला. १९०१ च्या जानेवारीत ते रजेवर गेले आणि १६ तारखेच्या रात्री मुंबईत त्यांचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. आयुष्यभर त्यांच्याशी वाद घातलेल्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख आजही आवर्जून वाचावा असा आहे.

खोट्या खरेदीखताची पळवाट त्यांच्या मृत्यूनंतर बुजवली गेली. १९०७ च्या दुरुस्तीने न्यायालयाला अधिकार मिळाला की कागदावर विक्री लिहिलेली असली तरी तोंडी पुरावा घेऊन तो व्यवहार मुळात गहाण होता का हे तपासावे. पुढे हा कायदा जाऊन कर्जनिवारणाचे दुसरे कायदे आले. १९४६ मध्ये सावकारांना परवाना सक्तीचा झाला. सध्या महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम लागू आहे. त्यातही व्याजाची वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. बेकायदा सावकाराने गेल्या १५ वर्षांत कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर शेतकरी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करू शकतो. निबंधक दोन्ही बाजूंना बोलावतो, पैसे कधी आणि किती दिले, परत किती आले, खरेदीखतात लिहिलेली किंमत खरोखर हाती पडली का, हे विचारतो, आणि व्यवहार सावकारीचा ठरला तर खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश काढतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांसाठी हा अर्ज पुण्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करायचा असतो, कारण जिल्हा निबंधकाचे काम तिथूनच चालते.